मुलाला बुद्धिबळ शिकवताना: आधी आठ प्यादी, मग बाकीचं सैन्य

बुद्धिबळ शिकवायला बसलेले बहुतेक आईबाबा पहिल्याच दिवशी बत्तीसच्या बत्तीस मोहरे पटावर मांडतात. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, प्यादं चालतं सरळ पण मारतं तिरकं, हे सगळं वीस मिनिटांत सांगून होतं आणि लगेच "चल, आता खेळू" म्हणून डाव सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलाला तोवर एवढंच कळलेलं असतं की आपण काहीही उचललं की समोरचं मोठं माणूस "अंहं, तसं नाही" म्हणतं. दोन रविवार असे गेले की पट कपाटावर जातो, आणि "आमच्या मुलाला बुद्धिबळाची आवड नाही" असं घरात ठरून जातं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दर शनिवारी मुलांना खेळायला बसवते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. मुलाला या खेळात गोडी लागते ती स्वतः शोधलेल्या चालीमुळे. ती चाल चांगली असो की वाईट, ती त्याची असायला हवी. पुढे जे काही सांगणार आहे ते एवढ्यासाठीच, की मुलाला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डोक्याने चाल शोधता यावी आणि आपण मोठ्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेऊ नये.

पट आणि मोहरे

काचेचा, संगमरवरी किंवा प्रवासातला चुंबकाचा छोटा सेट शिकायला घेऊ नका. काचेत पांढरं-काळं ओळखू येत नाही आणि छोट्या सेटमध्ये उंट आणि प्यादं सारखंच दिसतं. स्पर्धांमध्ये वापरतात तो गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकचे जड बुडाचे मोहरे घ्या. राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घर पाच-साडेपाच सेंटिमीटरचं असलं की झालं. पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले आहेत ना, ते बघून घ्या. त्यांचं काम पुढे पडतं.

मांडणीच्या दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, आणि वजीर आपल्या रंगाच्या घरावर, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या.

पाच-सहा वर्षं हे सुरुवातीला बरं वय. चार वर्षांचं मूल मोहऱ्यांचं लग्न लावत असेल तर लावू द्या, त्याला चाली शिकवायची घाई नको. आणि आठव्या-नवव्या वर्षी सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही, उलट ती मुलं पहिले टप्पे झरझर ओलांडतात. पट मात्र शक्यतो उचलून ठेवू नका. घरात एका कोपऱ्यात स्टुलावर मांडलेला असला की मूल येता-जाता त्याच्याशी काहीतरी करत राहतं.

पहिले आठ-दहा दिवस: फक्त प्यादी

दोन्हीकडची आठ-आठ प्यादी आपापल्या जागी मांडा. बाकी पट रिकामा. नियम चार: प्यादं एक घर पुढे जातं, पहिल्या चालीला हवं तर दोन घरं, मारताना तिरकं एक घर, मागे कधीच नाही. ज्याचं प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत आधी पोचेल तो जिंकला. ज्याची पाळी आहे त्याला हलताच येईना, तर बरोबरी.

हा डाव पाच मिनिटांत संपतो, लगेच दुसरा मांडता येतो आणि मूल पहिल्याच दिवशी एखादा जिंकतं. वरवर पोरखेळ वाटतो, पण दोन-तीन दिवसांत मूल बोलायला लागतं. "ही दोघं समोरासमोर अडकली." "याला आता अडवायला कोणीच नाही." हे दुसरं वाक्य ज्या दिवशी ऐकाल त्या दिवशी त्याला मोकळं प्यादं समजलं. मग ते बोट ठेवून मोजायला लागेल: मला चार चाली लागतात, तुला पाच. पुढची चाल मनात बघण्याची सवय इथे लागते, कोणी न शिकवता. तुम्ही फक्त विचारा, "कोण आधी पोचेल?" आणि गप्प बसा.

चार-पाच दिवसांनी दोन्ही राजे आणा. राजा कुठल्याही बाजूला एकच घर चालतो आणि जिथे मार बसेल तिथे पाऊल टाकू शकत नाही. आता प्याद्यांना सोबत आली आणि समोरच्याच्या प्याद्याला रोखायलाही कोणीतरी आलं. हा छोटा डाव किती मोलाचा आहे ते मुलाला सांगायला माझ्याकडे एक खरी गोष्ट आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला आपला गुकेश आणि चीनचा तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्यातला जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव चालू होता. गुण साडेसहा-साडेसहा असे बरोबरीत होते. पटावर थोडेच मोहरे उरले होते आणि सगळ्यांना वाटत होतं की हाही डाव बरोबरीत सुटणार. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती अशा घरात ठेवला की गुकेशला आधी हत्ती आणि मग उंट बदलून घेता आले. उरले दोन राजे, गुकेशची दोन प्यादी आणि डिंगचं एक. तेवढ्यावर अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. ही गोष्ट सांगून झाली की आमची मुलं प्याद्यांच्या डावाला "गुकेशवाला डाव" म्हणतात आणि पुन्हा मांडा म्हणून मागे लागतात.

मग एकेक मोहरा

हत्तीपासून सुरुवात करा. रिकाम्या पटावर एक हत्ती ठेवा आणि इकडेतिकडे आठ-दहा शेंगदाणे. कमीत कमी चालींत सगळे खायचे, मग खरोखर खायचे. थोड्या वेळाने विचारा, रिकाम्या पटावर हत्तीला जास्तीत जास्त किती चालींत कुठेही पोचता येईल? उत्तर दोन आहे, पण ते सांगू नका. मूल स्वतः शोधतं आणि मग घरातल्या प्रत्येकाला विचारत फिरतं.

उंटाला तसेच शेंगदाणे घाला, काही पांढऱ्या घरांत, काही काळ्या. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरातल्या शेंगदाण्यापर्यंत पोचतच नाही, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. अर्धा पट त्याच्यासाठी कायमचा बंद! म्हणूनच उंट दोन असतात.

घोड्याला सगळ्यात जास्त दिवस द्या. "अडीच घरं" हा आपला जुना शब्द मुलांना गोंधळात टाकतो, कारण अर्धं घर पटावर कुठे दिसत नाही. त्यापेक्षा "दोन सरळ, एक बाजूला" म्हणा, आणि घोडा दर उडीला घराचा रंग बदलतो ते दाखवा. कोपऱ्यातल्या घोड्याला फक्त दोन घरं मिळतात आणि मधल्याला आठ. मुलाला दोन्हीकडे शेंगदाणे ठेवून मोजू द्या. "मोहरे मध्यावर आणा" हे पुढे शंभर वेळा सांगावं लागतं. घोड्याचं हे मोजणं ज्याने केलंय त्याला एकदा सांगून पुरतं.

वजीर शेवटी. एका बाजूला एकटा वजीर, दुसऱ्या बाजूला आठ प्यादी, हा डाव दोन्ही बाजूंनी खेळून बघा. किमतीही आता सांगायच्या: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच गेला. किमती दुकानातल्यासारख्या शिकवा: माझा हत्ती घेऊन तुझा उंट दिलास, कोणाचा फायदा?

नावांवरून प्रश्न येणारच. हत्ती किल्ल्यासारखा का दिसतो? फोनवर वजिराला क्वीन का म्हणतात? आपल्याकडे या खेळाला चतुरंग म्हणायचे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पश्चिमेकडे जाता जाता नावं आणि रूपं बदलली. आज जगभर वापरतात तो सेट लंडनमध्ये १८४९ साली बाजारात आला. त्यात हत्तीच्या जागी बुरूज आणि वजिराच्या जागी राणी आहे. मी मुलांना मराठी नावंच शिकवते. इंग्रजी नावं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यांची ती येतात.

शह, मात आणि कोंडी

शह म्हणजे राजावर आलेला मार. शह बसला तर सुटायच्या वाटा तीन, आणि तिन्ही बंद झाल्या की मात: राजाने पळायचं, मध्ये कोणीतरी आडवं यायचं, किंवा शह देणाऱ्याला मारायचं. मुलांना हे "पळ, आड, मार" असं पाठ होतं. मग विचारा, घोड्याच्या शहाला आड येता येईल का? घोडा उडी मारतो, त्यामुळे नाही. हेही त्यालाच शोधू द्या.

मात करायला शिकवताना पूर्ण डावाची वाट बघू नका. आधी दोन हत्तींची मात. एक हत्ती एका आडव्या ओळीवर पहारा देतो, दुसरा पुढच्या ओळीवर शह देतो, मग पहिला त्याच्या पुढच्या ओळीवर. राजा एकेक पायरी मागे सरत शेवटच्या ओळीत अडकतो. आमची मुलं याला जिना म्हणतात. राजा हत्तीच्या अंगावर चालून आला तर हत्तीने त्याच ओळीत पलीकडच्या टोकाला जायचं, एवढी एक खुबी.

मग एकटा वजीर आणि राजा. वजिराने समोरच्या राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर राहायचं आणि तो जिकडे सरकेल तिकडे तसंच सरकायचं. खोली लहान लहान होत जाते. राजा कडेच्या ओळीत कोंडला गेला की वजिराने थांबायचं आणि आपल्या राजाला मदतीला आणायचं. इथे थांबणं महत्त्वाचं का? काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात आहे (पटाच्या कडेचं अक्षर आणि आकडा मिळून घराचं नाव होतं), तुमचा वजीर जी६ वर आला आणि पाळी काळ्याची. शह नाही, पण हलायला घरही नाही. ही कोंडी. डाव बरोबरीत. मोहऱ्यांच्या किमतीत दहा-बारांनी पुढे असलेलं मूल इथे डावाचा अर्धा गुण गमावतं आणि खूप रडतं. म्हणून ही कोंडी घरीच, खेळात, चार-पाच वेळा होऊ द्या.

पहिला पूर्ण डाव

इथवर यायला महिना-दीड महिना लागतो. लागू द्या. आता बत्तीस मोहरे मांडले तरी मूल बावरत नाही, कारण प्रत्येकाशी त्याची ओळख झालेली असते.

सुरुवातीच्या चाली पाठ करून घेऊ नका. तीनच गोष्टी सांगा: मधलं प्यादं पुढे काढ, घोडे-उंट बाहेर आण, आणि किल्लेकोट करून राजाला घरात घाल. किल्लेकोटाचे नियम मात्र नीट सांगा, कारण यावरून भांडणं होतात. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये कोणी नसावं, राजाला त्या क्षणी शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जातो किंवा जिथे पोचतो तिथे मार नसावा. हत्तीवर मार असला तर चालतं. राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती उडी मारून त्याच्या पलीकडे बसतो. हात लावायचा तो आधी राजाला.

आजोबा खेळणारे असतील तर आणखी एक गोष्ट आधी बोलून घ्या. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि किल्लेकोटाऐवजी राजाला डावात एकदा, शह बसलेला नसताना, घोड्याची उडी मारता यायची. आजोबा तसं खेळले तर ते चूक नाहीत. ते त्यांच्या लहानपणचा खेळ खेळताहेत. मुलाला दोन्ही नियम सांगा आणि डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा: "आज देशी की आंतरराष्ट्रीय?" आमच्याकडच्या एका मुलीला देशी डावच जास्त आवडतो, कारण आजोबांबरोबर तो खेळणारी ती एकटीच आहे.

शाळेत खेळायला लागलं की आठवड्याभरात मूल एक तक्रार घेऊन येईल: चार चालींत हरलो. पांढरं प्यादं ई४, काळं ई५. पांढरा उंट सी४, काळा घोडा सी६. पांढरा वजीर एच५, आणि काळ्याने काही न बघता घोडा एफ६ ला काढला की वजीर एफ७ चं प्यादं मारतो आणि मात. एफ७ ला सुरुवातीला फक्त राजाचा आधार असतो, सगळी गंमत त्यात आहे. पट मांडून मुलाला विचारा, वजीर एच५ ला आल्यावर तू काय करशील? थोडा वेळ दिलात तर बहुतेक मुलं जी७ चं प्यादं एक घर पुढे काढतात. बरोबर. वजीर मागे एफ३ ला येऊन पुन्हा तोच डोळा ठेवतो, तेव्हा घोडा एफ६ ला काढायचा. आता पांढऱ्याचा वजीर बाहेर भटकतोय आणि काळ्याचे दोन घोडे बाहेर आलेत. ही मात वाचवायला जरूर शिकवा, पण जिंकायची युक्ती म्हणून शिकवू नका. जी मुलं हिच्यावर जिंकायला शिकतात ती सहा महिने तेवढंच खेळतात, आणि समोरच्याला उत्तर यायला लागलं की त्यांना पुढे काय करायचं ते कळत नाही.

एन पासाँ, म्हणजे बाजूने दोन घरं निघून गेलेल्या प्याद्याला जाता जाता मारायचा नियम, दोन-तीन महिन्यांनी सांगितला तरी चालतो.

आपण समोर बसतो तेव्हा

सगळ्यात जास्त चुका आपल्या इथे होतात.

मुद्दाम हरू नका. मुलांना कळतं, आणि कळलं की पुढचा खरा विजयही त्यांना खोटा वाटतो. त्याऐवजी आपलं सैन्य कमी करा. तुमचा वजीर आणि दोन्ही हत्ती काढून ठेवा आणि मग मनापासून खेळा. मूल तीनदा जिंकलं की एक हत्ती परत. मग दुसरा. मग वजीर परत आणि त्याऐवजी एक घोडा कमी. कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवून त्यावर हे लिहून ठेवा. "बाबांचा हत्ती परत आला" हा दिवस मुलाच्या आठवणीत राहतो. दुसरा एक प्रकार म्हणजे पट फिरवणे: तुम्ही पुढे गेलात की बाजू बदलायच्या आणि तुमच्या चांगल्या डावातून त्याने खेळायचं.

तोंड बंद ठेवा. मूल वजीर फुकट जाणाऱ्या घरात ठेवतंय, तुमच्या घशाशी "अरे बघ ना!" आलंय, ते गिळा. तुम्ही दर वेळी सावध करत गेलात तर पटावर लक्ष ठेवायचं काम तुमचं होतं, त्याचं राहत नाही. त्याऐवजी सगळ्या डावासाठी एकच सवय लावा. तुमची चाल झाली की मुलाने मोहऱ्याला हात लावण्याआधी स्वतःला विचारायचं: ही चाल का केली? काय मारायला बघतोय? लहान मुलांना हात मांडीखाली दाबून बसायला सांगा. खरंच उपयोग होतो. हातच मोकळे नसले की डोळे आधी चालतात.

पहिले दोन महिने चाल परत घ्यायची मुभा द्या, पण मोजून: एका डावात तीन. तीन शेंगदाणे त्याच्या बाजूला ठेवा, चाल परत घेतली की एक खाऊन टाकायचा. मग दोन, मग एक. त्यानंतर "हात लावला तो मोहरा चालवायचा" हा नियम सुरू करा, आणि तुम्ही स्वतःही पाळा.

हरल्यावर

सात वर्षांचं मूल हरल्यावर रडतं, पट उधळतं, "मला कधीच खेळायचं नाही" म्हणतं. इतका वेळ एकट्याने लढून हरलंय, नशिबावर किंवा सोबत्यावर ढकलायची सोय नाही, त्यामुळे ते लागतंच. रडू द्या. फक्त दोन गोष्टी रडतानाही करायच्या: समोरच्याशी हात मिळवायचा आणि मोहरे जागेवर मांडायचे.

त्याच वेळी चुका सांगायला बसू नका. स्पर्धेहून घरी येताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला "तो हत्ती का नाही मारलास?" विचारणारे पालक मी खूप बघितलेत. ती मुलं हळूहळू डाव लपवायला लागतात. खाणंपिणं होऊ द्या. संध्याकाळी, त्याची इच्छा असेल तर, विचारा: "तुझी कुठली चाल तुलाच आवडली?" ती दाखवता दाखवता चुकलेली जागाही तेच दाखवतं. हरलेला डाव मुलाने स्वतःहून मांडून दाखवला तर घरात काहीतरी चांगलं चाललंय असं खुशाल समजा.

रोजची दहा मिनिटं आणि फोन

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बरी. एका चालीत मात करायची कोडी चार-पाच, एवढंच. कोडं पटावर मांडून सोडवलेलं जास्त लक्षात राहतं.

फोन किंवा टॅबवर खेळू द्यायचं असेल तर लिचेस (Lichess) हे बुद्धिबळाचं ॲप पूर्ण मोफत आहे, देणग्यांवर चालतं आणि त्यात जाहिराती नाहीत. खात्यात मुलांसाठीची सेटिंग चालू केली की अनोळखी माणसांचे निरोप बंद होतात. ते पहिल्याच दिवशी करा. एक-दोन-तीन मिनिटांचे झटपट डाव पहिली दोन वर्षं नकोत. तिथे मूल विचार करायला शिकत नाही, बोट चालवायला शिकतं. दहा-पंधरा मिनिटांचा एक डाव, आणि तो झाल्यावर फोन खाली.

सात-आठ वर्षांच्या मुलाला चाली लिहायला शिकवा. आधी खेळ म्हणून: तुम्ही "डी५" म्हणा, त्याने घरावर बोट ठेवायचं. मग एका वहीत खेळलेला डाव लिहायचा. स्पर्धेत हे लागतंच, पण मला ते वेगळ्या कारणासाठी आवडतं. वही असली की सहा महिन्यांपूर्वीचा आपला डाव मुलाला बघता येतो, आणि तेव्हा आपण काय काय फुकट घालवलं ते बघून मुलं खळखळून हसतात.

क्लास कधी, स्पर्धा कधी

मूल तुमच्याकडून पूर्ण सैन्यानिशी अधूनमधून जिंकायला लागलं, किंवा तुम्हाला उत्तर देता येणार नाहीत असे प्रश्न विचारायला लागलं, की क्लास शोधा. फी विचारण्याआधी एक तास बसून बघा. मुलं किती वेळ खेळताहेत आणि किती वेळ नुसती पडद्याकडे बघताहेत? शिक्षक मुलांचेच डाव घेऊन बोलतात का, की फक्त सुरुवातीच्या चाली पाठ करून घेतात? तिथे मुलं हसतात का?

पहिली स्पर्धा जवळची, एका दिवसाची, बिगर-रेटिंग घ्या, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा (रेटिंग) जिच्यात ठरत नाही अशी. बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. हरलं म्हणून कोणी बाहेर जात नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात, आणि दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या हरलेल्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याच्याच तोलाचं कोणीतरी मिळतं. हे त्याला आदल्या दिवशी समजावून सांगा. "किती जिंकशील?" असं विचारू नका.

पालकांना खेळाच्या हॉलमध्ये थांबू देत नाहीत, तेव्हा मुलाला चार गोष्टी स्वतः यायला हव्यात. चाल करून झाली की त्याच हाताने घड्याळ दाबायचं. काही वाद झाला, समोरच्याने चुकीची चाल केली किंवा काही कळलं नाही, तर घड्याळ थांबवून हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत थांबायचं. समोरचा मोठा मुलगा "मात झाली" म्हणाला तरी स्वतः तपासल्याशिवाय हात मिळवायचा नाही. आणि "बरोबरी करू या का?" असं कोणी विचारलं तर नाही म्हणायला काहीच हरकत नाही. हे चारही घरी नाटक करून दाखवा, तुम्ही तो दांडगा मोठा मुलगा व्हा. डब्यात हाताला तेल न लागणारं काहीतरी द्या, पोळीचा रोल सगळ्यात सोपा. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ लांब असतो, तेव्हा तिथे फोन देण्यापेक्षा बॉल द्या.

रेटिंगचा विचार पहिलं वर्षभर नको. मार्च २०२४ पासून फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत १४०० च्या खाली रेटिंगच नसतं, त्यामुळे लहान मूल बरेच महिने यादीबाहेर राहिलं तर त्यात कमीपणा काही नाही.

सोबत कोण आहे?

मूल खेळ सोडतं त्यामागे हरण्यापेक्षा एकटेपण जास्त वेळा असतं, असं मी पाहिलंय. खेळायला कोणी नाही, म्हणून मग खेळच नाही. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, एकाच घरात वाढल्या. वासंती १९७४ साली देशातली पहिली महिला राष्ट्रीय विजेती झाली, पुढे दोघी बहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि रोहिणीने १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवलं. घरातच तोलामोलाची जोडीदार असणं म्हणजे काय ते यावरून कळतं. सगळ्यांच्या घरात तीन बहिणी नसतात. पण बिल्डिंगमधली दोन मुलं, शाळेतली एक मैत्रीण, रविवारी येणारा मामेभाऊ, यातून एक छोटी टोळी जमवता येते. मुलगी असेल तर हे जास्त मनावर घ्या. पाचवी-सहावीच्या सुमारास क्लासमधल्या बाकीच्या मुली गळाल्या की ती एकटी पडते. तिला तिच्या वयाच्या दोन मुली शोधून द्या, आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक कसा जिंकला ते डाव एकत्र बसून बघा. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. दोघीही आपल्याच.

एक दिवस मूल तुम्हाला पूर्ण सैन्यानिशी, चाल परत न घेता, हरवेल. तेव्हा लगेच दुसरा डाव मांडू नका. मोहरे पुन्हा सुरुवातीच्या जागी ठेवा, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला विचारा, "मी कुठे चुकले ते दाखव." मग त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.